फक्त रोल बदलून मिळेल

"रोल हरवल्यास अगर खराब झाल्यास आमची जबाबदारी तेवढ्याच कोऱ्या रोलच्या किमतीपुरती राहील." फोटो लॅबच्या पावतीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, या अर्थाचे एक वाक्य छापलेले असे. रोल धुवायला टाकणारा गँगमन ते वाचत नसे, सॉर्टर वाचत नसे आणि खरे सांगायचे तर वर्षानुवर्षे युनियनची पत्रके काढणारे, प्रशासनाच्या परिपत्रकातला स्वल्पविरामसुद्धा तपासून घेणारे आम्हीही ते कधी वाचले नाही. पावती घडी करून खिशात ठेवायची, तारखेला जायचे, पाकीट उघडायचे आणि मग डोक्याला हात लावायचा, एवढाच आमचा वाटा.

काही साथी म्हणतील की जुन्या पेन्शनचा प्रश्न आहे, रिक्त जागांचा आहे, कंत्राटीकरणाचा आहे, आणि हे लोक फोटोचे काय घेऊन बसले! शिवाय आता रोल राहिला कुठे, सगळे मोबाईलवर. साथींनो, रोल गेला असेल, पण रोलवर जे उतरले ते आमच्या पत्र्याच्या ट्रंकांत पडून आहे. आपल्या चळवळीचा अर्धा इतिहास निगेटिव्हवर आहे. त्या निगेटिव्हचे काय झाले ते पाहण्याची पाळी आमच्या शाखेवर आली म्हणून हा लेख.

१९७४ च्या रेल्वे संपाला २०२४ साली पन्नास वर्षे झाली. ८ मे रोजी सुरू झालेला, सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा तो संप. जॉर्ज फर्नांडिस यांना संपाआधीच, २ मे रोजी, लखनौला अटक झाली होती. देशभर हजारो साथी तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, वसाहतींतून बिऱ्हाडे बाहेर काढण्यात आली. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. हे सर्व पुस्तकांत आहे. पण इटारसीच्या वसाहतीत काय झाले ते पुस्तकात नाही. ते आमच्या कार्यालयातल्या एका ट्रंकेत होते. तीन रोल, बारा बारा फोटोंचे, म्हणजे एकूण छत्तीस फोटो.

ते काढले होते लोको शेडमधल्या एका फायरमन साथीने. हा साथी मूळचा वऱ्हाडातला. त्याच्याकडे अगफा क्लिक थ्री कॅमेरा होता, आपल्याकडे बडोद्याला बनणारा तो साधा काळा डबा. रोल इंदू मार्काचे, म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे. सरकारी कारखान्यातल्या कामगारांनी बनवलेला रोल, सरकारी गाडीवरच्या कामगाराच्या हातात. (तो कारखानाही पुढे सरकारने आजारी पाडला आणि बंद केला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) शेडच्या फाटकावरची सभा, पोलिसांच्या गाडीसमोर उभ्या राहिलेल्या वसाहतीतल्या बाया, क्वार्टरबाहेर रस्त्यावर टाकलेली भांडी, अंथरुणे आणि त्यावर बसवलेले मूल, असे ते फोटो होते. होते, असेच म्हणावे लागते.

सुवर्णमहोत्सवासाठी पाकिटे उघडली तेव्हा पहिल्या रोलवर पिवळे-तपकिरी डाग पसरले होते. चेहरे विरले होते, कुठे नुसती टोपी, कुठे नुसता झेंड्याचा दांडा. दुसऱ्या रोलवरचा लेप कडेने सुटून सुरकुतला होता आणि मधल्या भागात बारीक जाळी पडली होती, उन्हात भेगाळलेल्या तळ्यासारखी. तिसरा रोल मात्र शाबूत. अगदी काल धुतल्यासारखा.

कुणी म्हणेल, पन्नास वर्षे झाली, खराब व्हायचेच. मग तिसरा का झाला नाही? कॅमेरा तोच, रोलचा मार्का तोच, महिना तोच, ट्रंकही तीच. फरक एवढाच की पहिले दोन रोल बाजारातल्या एका स्टुडिओत धुतले गेले आणि तिसरा त्या साथीने नागपूरला ओळखीच्या माणसाकडून धुवून घेतला. पाकिटावर त्याच्याच हाताने तसे लिहिलेले आहे.

रोल धुणे म्हणजे काय ते आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रोलवर जिलेटिनच्या लेपात चांदीचे क्षार असतात. डेव्हलपरमध्ये घातल्यावर उजेड लागलेल्या क्षारांची काळी चांदी होते आणि चित्र दिसू लागते. ज्या क्षारांना उजेड लागलेला नाही ते हायपोमध्ये विरघळवून काढावे लागतात, नाहीतर चित्र टिकत नाही. आणि शेवटी तो हायपोही वाहत्या पाण्याने धुऊन काढावा लागतो, चांगला वीस-तीस मिनिटे. खरी मेख या शेवटच्या धुण्यात आहे. हायपोत गंधक असते. ते लेपात राहिले की वर्षानुवर्षे हळूहळू चांदीवर चढते, आणि चांदीच्या जोडव्यांचे जे होते तेच चित्राचे होते. त्या दिवशी गिऱ्हाईकाला काही दिसत नाही. ओल्या प्रिंटवर सगळे झकास असते. दोष दिसतो दहा-वीस वर्षांनी, तोवर स्टुडिओ राहिलेला नसतो आणि पावतीही.

जाळीचे कारण वेगळे. हे काम वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात करायचे असते. मे महिन्यात इटारसीला किंवा भुसावळला टाकीचे पाणी हाताला चटका देते. गरम पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते. एका भांड्यातले पाणी गरम आणि पुढच्यातले थंड असले की लेप एकदम आकसतो आणि त्याला जाळी पडते. यावर इलाज जुन्या स्टुडिओवाल्यांना पाठ होते. बर्फाची लादी आणायची, भांडी त्यात ठेवायची, हायपोत तुरटी घालायची म्हणजे लेप घट्ट राहतो, आणि मे महिन्यात काम पहाटे उरकायचे. म्हणजे उपाय होता आणि तो स्वस्तही होता. लादीभर बर्फ, मूठभर तुरटी, अर्धा तास पाणी. तेवढेही कुणी केले नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी आम्हालाही उशिरा कळली. रोल धुऊन धुऊन जुना झालेला हायपो फेकून द्यायचा नसतो. रोलवरून विरघळलेली चांदी त्यात जमलेली असते, आणि ती काढून विकण्याचा रीतसर धंदा आहे. जितका हायपो जुना, तितकी चांदी जास्त. आणि हायपो जितका जुना, तितका रोल अर्धवट साफ होतो. म्हणजे एकच भांडे बदलायचे लांबणीवर टाकले की मालकाचे नव्या हायपोचे पैसे वाचतात आणि चांदीही दाट होते. चांदी मालकाची आणि डाग आमच्या सभेवर! यापेक्षा नफ्यातोट्याचा हिशेब सोपा करून कुणी दाखवू शकेल असे आम्हाला वाटत नाही.

दुसरी घटना १९९४ ची, आणि तीत आमचाही दोष आहे. एका ज्येष्ठ साथीच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. छत्तीस वर्षे सेवा, सात बदल्या, दोन निलंबने. कलर रोल आणला, छत्तीस फोटो काढले, योगायोगाने वर्षाला एक पडला. त्या वेळी लहान गावात कलर लॅब नसे. गावातला स्टुडिओवाला रोल गोळा करी आणि गाडीने शहरातल्या लॅबला पाठवी, आठवड्याने पाकिटे परत येत. आमचे पाकीट आले. सर्व छत्तीस फोटोंवर, साथीच्या कपाळावरून, वहिनींच्या हारावरून, मागच्या फळ्यावरून, दोन समांतर रेघा. रुळांसारख्या. कुणीतरी विनोद केलाही की रेल्वेवाल्याच्या फोटोवर रूळच उमटणार. त्या साथीला हसू आले नाही.

स्टुडिओवाला म्हणाला, लॅबने केले. लॅबवाल्याने फोनवर सांगितले, पार्सलमध्ये झाले, रेल्वेवाले कशी आदळआपट करतात ते तुम्हीच जाणता! म्हणजे कामगाराचे नुकसान, आणि आळ पुन्हा पार्सल पोर्टरवर. पोस्टाने पाठवला असता तर पोस्टमनवर आला असता. आज मोठ्या शहरांबाहेर रोल धुणाऱ्या लॅब उरलेल्याच नाहीत, हौशी मंडळी रोल पोस्टाने पाठवतात, आणि "डाकेत खराब झाला" हे वाक्य तयारच असते. म्हणून हे नीट समजून घ्या. डबीत घट्ट गुंडाळलेल्या रोलवर आदळण्याने टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ पडू शकत नाही. रेघ पडायला रोल कशावरून तरी ओढला जावा लागतो. पार्सलात रोलला उन्हाचा त्रास होऊ शकतो, हे आम्ही नाकारत नाही. मे महिन्यात ब्रेकव्हॅनमध्ये दिवसभर तापलेला रोल धुरकट होतो, रंग बिघडतात. पण उष्णता रेघा ओढत नाही.

उरला कॅमेरा. कॅमेऱ्यात वाळूचा कण असला तरी अशाच रेघा पडतात, ही लॅबवाल्यांची दुसरी सबब असते, आणि पुष्कळदा ती खरीही असते. मग ओळखायचे कसे? रोलच्या शेवटी, शेवटच्या फोटोच्या पुढे, एक तुकडा असतो जो कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर कधी येतच नाही. आमच्या रेघा त्या तुकड्यावरही होत्या. कॅमेरा सुटला! यंत्रातल्या रुळांवर हायपोचे वाळलेले खडे बसले होते आणि ते कुणी पुसले नव्हते, याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. तसेच, निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच उमटवलेले आकडे आणि रोलचे नाव असते. चित्र फिके आणि आकडे ठसठशीत, तर उजेड कमी पडला, दोष फोटो काढणाऱ्याचा. आकडेही फिके, तर डेव्हलपर थकलेला, दोष धुणाऱ्याचा. लॅबवाल्यांना हे माहीत असते. आपल्याला माहीत नसते, म्हणून ते आवाज चढवतात.

पण तेव्हा आम्हालाही हे माहीत नव्हते. आम्ही चारपाच जण ड्युटी संपवून थेट शहरात गेलो आणि लॅबच्या काउंटरवर जो मुलगा उभा होता त्याला नको ते बोललो. वय असेल अठरा-एकोणीस. तो एवढेच म्हणत राहिला, "बाबूजी, मशीन से ही ऐसा निकला." आम्ही विजयी मुद्रेने परतलो, एक कोरा रोल घेऊन. पुढे महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा तो मुलगा रस्त्यावर भेटला. त्याने आम्हाला ओळखले, आम्ही त्याला ओळखले नव्हते. त्याच्याकडून कळले की तो कोरा रोल मालकाने त्याच्या पगारातून कापला. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभे राहायचे, यंत्र पुसण्याचा वेळ "बंद वेळ" म्हणून मालक देत नसे, आणि रसायन बदलायचे कधी ते ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. आम्ही रेल्वेत असल्यामुळे, १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने, नुकसानीची एक दमडी कापण्याआधी आमचे म्हणणे ऐकून घेणे प्रशासनावर बंधनकारक होते. त्या मुलाला विचारणारे कुणी नव्हते. आणि ज्यांनी विचारायला हवे होते ते आम्ही, युनियनचे बिल्ले लावलेले, त्याच्यावरच ओरडत होतो. ही गोष्ट आम्ही तीस वर्षांत कुठे लिहिली नव्हती.

दोष डार्करूमच्या पोऱ्यावर ढकलण्याची रीत जुनी आहे आणि जगभरची आहे. सगळ्यात मोठे उदाहरण रॉबर्ट कापाचे. ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरल्या, त्यांच्याबरोबर 'लाइफ' साप्ताहिकाचा हा छायाचित्रकार होता. त्याचे रोल लंडनच्या कार्यालयात आले. अंक निघण्याची घाई होती. पुढे सांगितले गेले ते असे की डार्करूममधल्या एका तरुण मुलाने रोल लवकर वाळावेत म्हणून वाळवण्याच्या कपाटाचे दार लावून उष्णता वाढवली, लेप वितळला, आणि अकराच चित्रे हाती लागली. कापाने आठवणींत तसे लिहिले, संपादक जॉन मॉरिस यांनी तसे सांगितले, शाळा-कॉलेजांतून तसे शिकवले गेले. सत्तर वर्षे! २०१४ पासून ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कथा तपासायला घेतली. त्यांनी दाखवून दिले की तसल्या कपाटाच्या उष्णतेने लेप असा वितळूच शकत नाही, आणि बाकीच्या रोलवर बहुधा काही नव्हतेच. मॉरिस यांनीही अखेरीस, वयाच्या नव्वदीपार, तशी शक्यता मान्य केली. त्या मुलाला कुणी कधी विचारले होते का? कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही, बचावाचा साथीदार नाही, थेट शिक्षा, आणि तीही जन्मठेपेहून लांब.

याचा अर्थ हलगर्जीपणा होत नाही असा कुणी काढू नये. हलगर्जीपणा होतोच. पण तो कुणाच्या हुकमाने होतो, एवढेच आमचे विचारणे आहे. कलर रोल धुण्याची जी पद्धत कोडॅकने १९७२ साली आणली आणि पुढे सर्व जगाने उचलली, तिच्यात डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश ठेवावे लागते, आणि वेळ सव्वातीन मिनिटे. अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झाले की रंग हलतात. दर रोलमागे मोजून ताजे रसायन घालावे लागते. काम कमी असले की रसायन नुसते उभे राहून हवेनेच मरते. म्हणून लॅबला एक साधन दिलेले असते. कारखान्यातच उजेड दिलेली एक पट्टी रोज सकाळी यंत्रातून काढायची, तिचा काळेपणा मोजायचा, आकडा वहीत टिपायचा. आकडा हलला की गिऱ्हाइकाचा रोल आत जाऊ द्यायचा नाही. म्हणजे आपल्याकडे ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत तसेच. ती पट्टी विकत घ्यावी लागते आणि मालकाला ती फुकटचा खर्च वाटते. पट्टी नाही, वही नाही, मग सकाळची पट्टी म्हणून कुणाचा रोल यंत्रात जातो? आपल्या पोरीच्या लग्नाचा.

आणि जिथे हे सगळे पाळले जाते तिथे काय होते तेही सांगायला हवे. कोडाक्रोम नावाचा एक अवघड रोल होता. तो धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स या लहानशा गावात होती. ३० डिसेंबर २०१० पर्यंत येणारे रोलच धुऊ, असे त्यांनी जाहीर केले. त्या शेवटच्या दिवसांत आर्कान्साहून एक रेल्वे कामगार मोटारीने तिथे गेला आणि आपले धुतलेले १,५८० रोल घेऊन आला. बिल झाले पंधरा हजार डॉलरच्या वर. जवळजवळ सगळे फोटो आगगाड्यांचे! बिरादरीतल्या या माणसाला आम्ही ओळखत नाही, पण त्याने एवढे रोल एका गावच्या लॅबच्या हवाली का केले असतील ते आम्हाला कळते.

आता पावतीकडे येऊ. मालक म्हणतात, पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी लाखाची जोखीम आम्ही कशी घ्यायची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या खात्यांत कधीचेच आहे. रेल्वेने माल पाठवताना दोन दर असतात, ओनर्स रिस्क आणि रेल्वे रिस्क. कमी दराने पाठवलात तर जोखीम तुमची, आणि त्यातही रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर रेल्वे सुटत नाही, हे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ९७ व्या कलमात लिहिलेले आहे. पोस्टाचे म्हणाल, तर खात्याला कायद्याचे कवच १८९८ साली होते आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण मौल्यवान वस्तूसाठी विमा उतरवून पाठवण्याची सोय खात्याने पिढ्यान्पिढ्या दिली. गिऱ्हाइकाला निवड होती. लॅबच्या काउंटरवर दोन दर कुणी पाहिले आहेत का? दर एकच आणि जोखीम सगळी तुमची. आम्ही आगाऊ पैसे द्यायला तयार असलो तरी घेणारा नाही.

नेमक्या याच मुद्द्यावर १९८१ साली इंग्लंडमध्ये एक्झेटरच्या कोर्टात निकाल लागला. वुडमन नावाच्या गृहस्थाने मित्राच्या लग्नाचे फोटो काढले होते, भेट म्हणून द्यायला. लॅबने बरेचसे घालवले आणि "फक्त नवा रोल" या कलमाकडे बोट दाखवले. न्यायाधीशांनी ते कलम वाजवी नाही असे ठरवले. त्यांचे म्हणणे हेच होते की साधी सेवा आणि जास्त दराची, जास्त जबाबदारीची सेवा, असे दोन मार्ग गिऱ्हाइकासमोर ठेवता आले असते, आणि त्या धंद्याच्या स्वतःच्याच आचारसंहितेत तशी कल्पना मांडलेली होती. भरपाई ७५ पौंड मिळाली. रक्कम लहान, पण रोलच्या किमतीच्या कितीतरी पट.

आपल्याकडेही साठच्या दशकात मद्रास हायकोर्टाने लाँड्रीच्या पावतीवरचे असेच कलम लोकहिताविरुद्ध म्हणून उडवून लावले होते. नवी कोरी साडी हरवली आणि पावतीवर म्हणे किमतीचा एक लहानसा हिस्साच मिळेल! पण एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. १९९६ साली एका कुरियर कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सही केलेल्या पावतीवरची मर्यादा ग्राह्य धरली. तेव्हा छापील कलमाखाली सही करताना हात आखडता घ्या. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता, आता २०१९ चा आहे आणि २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात एकतर्फी कराराला "अनुचित करार" असे नाव देऊन तो रद्द करून घेण्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. नुसत्या सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगात चालते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला फी नाही. निगेटिव्ह मात्र फेकू नका. प्रिंटवरून काही सिद्ध होत नाही, निगेटिव्हच्या कडा साक्ष देतात.

एवढे सगळे कळल्यावर, तिसरा रोल घेऊन आम्ही दोघे शहरातल्या एका दुकानात गेलो. जुन्या निगेटिव्ह साफ करून, स्कॅन करून, कॉम्प्युटरवर देण्याचे काम तिथे होते. दुकान चकचकीत, गारवा भरपूर. मालकाने पावती फाडली. आम्ही ती उलटी केली. तेच वाक्य, फक्त "कोरा रोल" ऐवजी "स्कॅनिंगचे शुल्क". आम्ही पेन काढून त्यावर काट मारली आणि समोरच्या बाजूला मराठीतच लिहिले की १९७४ च्या संपाच्या निगेटिव्ह, बारा, दुसरी प्रत नाही, ओल्या पद्धतीने साफ करू नये. मालक म्हणाला, असे चालणार नाही. आम्ही म्हणालो, मग जास्त दर सांगा. तो म्हणाला, असा दर आमच्याकडे नाही.

आत यंत्रावर एक मुलगी बसली होती. ती उठून आली, रोल उजेडासमोर कडेने धरून पाहिला, बोटे चित्राला न लावता, आणि मालकाला म्हणाली, "सर, मी करते. ह्यांना इथेच बसू द्या. नुसता ब्रश फिरवते, पाणी लावत नाही." मालकाने खांदे उडवले, पण काट मारलेल्या पावतीवर सही करायला तो काही तयार झाला नाही. तिने केले असते तर नीटच केले असते याबद्दल आम्हाला शंका नाही. पण काही बिघडले असते तर पगार कुणाचा कापला गेला असता?

रोल घेऊन आम्ही परत आलो. तो ट्रंकेतच आहे. पहिल्या फोटोत शेडचे फाटक आहे आणि फाटकावर उभ्या असलेल्या सतरा जणांपैकी नऊ जण अजून ओळखायचे आहेत.